औंधचे चित्रोपासक राजे : कै. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आमच्या मनापुढे अनेक नावे आली. शास्त्री-पंडित, मुत्सद्दी, न्यायाधीश, समाजसुधारक अशा थोरांची आपल्या ज्ञातीत उणीव नाही, आणि त्यांपैकी बहुतेकांची चरित्रे मागील अंकांतून येऊन गेलेली आहेत. परंतु ज्याने आपले राज्य प्रजेच्या स्वाधीन केले आणि आपली चित्रे एका डोंगरावर लोकांसाठी मांडून ठेविली, अशा राजाविषयी आपल्या स्मरणिकेत अद्याप सविस्तर लिहिले गेलेले नाही. ते राजे म्हणजे औंधचे कै. श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी होत. त्यांच्या चरित्रातील अनेक गोष्टी वाचकांस ठाऊक असतील. तथापि आम्ही येथे त्यांच्या चित्रसंग्रहालयाच्या दारातून त्यांच्या आयुष्याकडे पाहण्याचा यत्न करणार आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात खेड्यांतील शाळांतून मुलांस शुद्धलेखन आणि अंकगणित शिकविण्यात गेली. चित्रकलेचे शास्त्र आम्हांस अवगत नाही. असे असता आम्ही हा विषय का निवडला, हे सांगण्यासाठी स्वतःच्याच एका चुकीचा उल्लेख करणे भाग आहे. अनेक वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. गणिताच्या तासाला तो वहीच्या मागच्या पानांवर बैल, मोट, आणि पाण्याला निघालेल्या बायका काढीत बसे. आम्ही ती पाने फाडली, त्यास वर्गाबाहेर उभे केले, आणि वडिलांस बोलावून मुलगा वाया जात असल्याचे बजावून सांगितले. त्या मुलाने पुन्हा चित्र काढले नाही. पुढे दोनच वर्षांनी शाळेची सहल औंधला गेली. संग्रहालयातील चित्रांपुढे तो मुलगा एकटाच मागे रेंगाळला आणि त्यास हाक मारावयास आम्ही परत गेलो. त्या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहून आमच्या मनास जे वाटले, ते आजही विसरलेले नाही. हे संग्रहालय ज्यांनी उभारले त्या राजांविषयी आम्ही त्यानंतरच वाचू लागलो.

औंध हे गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. मुलूख पावसाच्या कृपेवर जगणारा, जमीन माळरानाची, आणि भोवती उघडेबोडके डोंगर. त्यांतल्या एका डोंगरावर श्रीयमाईचे मूळपीठ आहे, आणि गावातही देवीचे मंदिर व त्यापुढे उंच दीपमाळ आहे. ही देवी पंतप्रतिनिधींच्या घराण्याची कुलस्वामिनी. या घराण्याचे मूळ पुरुष परशुराम त्रिंबक हे किन्हईचे. छत्रपती राजाराममहाराजांच्या पडत्या काळात त्यांनी मोठा पराक्रम गाजविला आणि प्रतिनिधिपद मिळविले. पेशव्यांच्या अमदानीत या घराण्याने चढउतार पुष्कळ पाहिले. इंग्रजी अंमलात त्यांच्याकडे जे राहिले ते अगदी लहान संस्थान होते. सुमारे ५०० चौरस मैलांचा प्रदेश आणि ७२ गावे, आणि तीही सलग नव्हेत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळचा भाग तर थेट विजापूर जिल्ह्यात. मोठ्या संस्थानिकांच्या वैभवाशी तुलना करता औंधचे उत्पन्न म्हणजे समुद्रापुढे ओहोळ. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीकतीचे महत्त्व वाचकांस नीट कळेल.

अशा घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. श्रीनिवासराव हे त्यांचे वडील. बाळासाहेब धाकटे असल्यामुळे गादी त्यांच्याकडे येईल असे कोणासही वाटत नव्हते. कदाचित त्यामुळेच त्यांस सामान्य विद्यार्थ्याप्रमाणे शिकता आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्या काळी राजपुत्राने पदवी परीक्षेस बसून उत्तीर्ण होणे ही नित्याची गोष्ट नव्हती. त्यानंतर त्यांनी मुंबईस कायद्याचा अभ्यास केला. मुंबईच्या वास्तव्यात त्यांच्या चित्रकलेच्या आवडीस खतपाणी मिळाले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट तेव्हा नावारूपास आले होते, आणि राजा रविवर्मा यांची पौराणिक चित्रे छापखान्यांतून निघून घरोघरी पोचू लागली होती. देवादिकांस मनुष्याचे रूप देणाऱ्या त्या चित्रांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या देवघरांतही प्रवेश केला, हे पुष्कळ कुटुंबांस आठवत असेल. बाळासाहेब केवळ चित्रे पाहून थांबले नाहीत. त्यांनी स्वतः कुंचला हाती घेतला आणि तो अखेरपर्यंत खाली ठेविला नाही.

वडिलांच्या मागे थोरले बंधू गादीवर आले व त्यांच्या मागे पुतणे. पुतण्यांस इंग्रज सरकारने अधिकारावरून दूर केले आणि १९०९ साली, वयाच्या ४१व्या वर्षी, बाळासाहेब औंधचे अधिपती झाले. राज्य हाती येताच मनुष्याचा खरा स्वभाव प्रकट होतो असे म्हणतात. बाळासाहेबांचा स्वभाव कोणत्या बाजूने प्रकट झाला, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. त्यांचे स्नेही लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा बेळगावचा कारखाना जागेअभावी संकटात सापडला होता. बाळासाहेबांनी त्यांस आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ किर्लोस्करांनी पसंत केला, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. पुढे तेथून निघालेले नांगर महाराष्ट्रभर शेतकऱ्यांच्या हाती गेले. लक्ष्मणराव हेदेखील तरुणपणी जे. जे. स्कूलमध्ये चित्रकलाच शिकावयास गेले होते, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. चित्रकार होऊ इच्छिणारा यंत्रकार झाला आणि राजा चित्रकार झाला, व दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

बाळासाहेबांचा दिनक्रम विलासी राजाचा मुळीच नव्हता. पहाटे उठावे, सूर्यनमस्कार घालावे, मग पूजाअर्चा, राज्यकारभार, आणि वेळ मिळेल तेव्हा चित्रकाम, असे त्यांचे नियमाचे जीवन असे. सूर्यनमस्कार हे तर त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहेत. संस्थानच्या शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यांवर पुस्तक लिहिले, आणि १९३६ साली विलायतेस गेले असता तेथील लोकांसही ही विद्या दाखविली. १९३८ साली त्यांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आज जगात योगाचे वर्ग चालतात आणि त्यांत सूर्यनमस्कार घातले जातात, त्यामागे माणदेशाच्या कडेच्या या लहानशा संस्थानाच्या राजाचे श्रम आहेत हे आपल्या मुलांस अवश्य सांगावे. ते उत्तम कीर्तनकारही होते. स्वतः राजे कमरेस उपरणे बांधून कीर्तनास उभे राहत, हे दृश्य औंधकरांच्या चांगले परिचयाचे होते.

आता त्यांच्या कलासेवेकडे वळू. रामायणातील प्रसंगांची त्यांनी स्वहस्ते चित्रे काढली आणि ती १९१६ साली ‘चित्ररामायण’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. अजिंठ्यास ते चित्रकारांस घेऊन गेले आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. ज्या काळी आपल्याकडील बहुसंख्य सुशिक्षित लोकांनी अजिंठ्याचे केवळ नाव ऐकले होते, त्या काळी ती चित्रे औंधसारख्या आडगावी पाहावयास मिळावीत ही त्यांची तळमळ होती.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे प्रचंड कार्य हाती घेतले. त्यामागेही बाळासाहेबांचीच प्रेरणा होती. १९१८ साली त्यांनी या कार्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याचे वचन दिले. औंधसारख्या संस्थानास ही रक्कम लहान नव्हती. शिवाय त्या ग्रंथासाठी त्यांनी स्वतः चित्रे काढून दिली. पुढे अनेक विद्वानांच्या परिश्रमाने ते कार्य १९६६ साली सिद्धीस गेले. ते पाहण्यास बाळासाहेब हयात नव्हते. वृक्ष लावणाऱ्यास फळ चाखावयास मिळतेच असे नाही. पण ते मिळणार नाही हे ठाऊक असूनही जो लावतो, तो खरा लावणारा.

गुणी माणसे हेरून त्यांस आपल्या गावी आणून वसविणे हा बाळासाहेबांचा आणखी एक मोठा गुण होता. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे सावंतवाडीकडील कोलगावचे. तेही जे. जे. स्कूलचे विद्यार्थी आणि मूळचे चित्रकारच. लाहोरास त्यांचा चित्रकलेचा व्यवसाय चांगला चालला होता. परंतु वेदाभ्यास आणि देशभक्ती यांपायी त्यांच्यामागे सरकारचा ससेमिरा लागला. अशा पुरुषास बाळासाहेबांनी आश्रय दिला. १९१८ पासून सुमारे ३० वर्षे पंडितजी औंधात राहिले. तेथेच त्यांनी स्वाध्याय मंडळ चालविले आणि शुद्ध वेदसंहिता छापून प्रसिद्ध केल्या. त्यांचे चिरंजीव माधवराव सातवळेकर हे पुढे युरोपात शिकून आलेले नामांकित चित्रकार झाले आणि महाराष्ट्र राज्याचे कलासंचालकही झाले. पितापुत्रांची चित्रे औंधच्या संग्रहात आहेत. गायनाचार्य अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतूबुवा हेही औंध दरबारचेच. त्यांनी १९४० साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीत महोत्सव त्यांचे सुपुत्र गजाननरावांनी आणि पुढे त्यांच्या शिष्यपरिवाराने चालू ठेविला. गीतरामायणाचे कर्ते ग. दि. माडगूळकर हे याच संस्थानातील आटपाडीकडचे आणि औंधच्याच शाळेचे विद्यार्थी. एवढ्याशा संस्थानाने महाराष्ट्रास किती दिले, याचा हिशेब करू लागले म्हणजे मन थक्क होते.

१९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांस देण्यात आले. तो मान राजेपणास नव्हे, तर त्यांच्या ग्रंथसेवेस होता, असे आम्ही समजतो.

आणि मग १९३८ साली श्रीभवानी चित्रसंग्रहालयाची इमारत उभी राहिली. बाळासाहेबांनी जन्मभर जमविलेल्या वस्तूंस आता घर मिळाले. हे घर त्यांनी कोठे बांधले ते पाहण्यासारखे आहे. राजवाड्याच्या आवारात बांधणे सोपे होते, रखवालीही सोपी झाली असती. परंतु त्यांनी यमाईच्या डोंगराच्या मध्यावर, मूळपीठाकडे जाणाऱ्या वाटेवर, त्याची स्थापना केली. डोंगरावरील दर्शनास जो येतो, मग तो शेतकरी असो, मेंढपाळ असो, की ओटी भरावयास आलेली सासुरवाशीण असो, त्याच्या वाटेवरच हे चित्रांचे घर आहे. चढताना दम लागला म्हणजे माणूस थांबतो, आणि थांबला म्हणजे सहज आत डोकावतो. चित्रे पाहण्यासाठी निराळी सवड किंवा निराळी प्रतिष्ठा लागत नाही. आमच्या अल्प मतीप्रमाणे बाळासाहेबांच्या थोरवीचे वर्म या जागेच्या निवडीतच आहे.

इमारतीत उजेड वरून आणि बाजूंनी असा खेळविला आहे की, दिवसा दिव्यावाचून चित्रे स्पष्ट दिसतात. आत शिरल्यावर काय काय पाहावे असे होते. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे येथे आहेत. जी चित्रे आपण छापील कागदावर पाहत आलो, त्याच हाताचे मूळ रंगकाम पाहिले म्हणजे छापील चित्र आणि खरे चित्र यांतील अंतर कळते. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रे आहेत. धुरंधर कोल्हापुरास शिकले, जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून गेले आणि तेथेच मोठ्या अधिकारापर्यंत चढले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे काम आहे. बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले. त्यांनी रंगभूमीचे पडदे रंगविले, मूर्ती घडविल्या, आणि स्वतः कॅमेरा तयार करून १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. सातवळेकर पितापुत्रांचा उल्लेख वर आलाच आहे. खुद्द बाळासाहेबांची चित्रेही या मंडळींच्याच पंगतीत मांडलेली आहेत.

याखेरीज उत्तरेकडील राजपूत, पहाडी व मोगल शैलींची लघुचित्रे, बंगाली संप्रदायाची चित्रे, पाश्चात्त्य चित्रांच्या व पुतळ्यांच्या प्रतिकृती, हस्तिदंतावरील व चंदनावरील कोरीव काम, असा नानाविध संग्रह आहे. विलायतेतील जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर यांचे माता आणि बालक हे पाषाणशिल्पदेखील या डोंगरावर येऊन विसावले आहे. मोठमोठ्या शहरांतील संग्रहालये ज्या वस्तूचा अभिमान बाळगतील, ती खटाव तालुक्यातील एका गावी आहे. संग्रहालयास जोडून ग्रंथालयही आहे. तरी या साऱ्यात आम्हांस विशेष मोलाची वाटते ती आपल्या मुलखातील चित्रकारांची दालने. परदेशची उत्तम कला पाहून डोळे दिपतात. पण आपल्याच मुलखातील मनुष्याने काढलेले आपलेच नदीघाट, आपलीच लुगडी, आपलेच देव आणि आपलीच माणसे पाहिली म्हणजे हे आपल्यासही साधेल असा धीर येतो. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या मुद्रेवर आम्ही पाहिला तो हाच धीर असावा, आणि तोच आम्ही त्यापूर्वी मोडला होता.

येथे एक शंका सुज्ञ वाचकांच्या मनात उभी राहील. ती आमच्याही मनात उभी राहिली होती. ज्या मुलखात दर दोन-चार वर्षांनी पाऊस पाठ फिरवितो आणि जेथे विहिरींचे तळ दिसतात, तेथील राजाने चित्रांवर पैसा खर्च करावा हे योग्य होते काय? प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर संग्रहालयाच्या भिंतींवर शोधून पुरेसे मिळणार नाही. ते त्याच वर्षीच्या राज्यकारभारात शोधले पाहिजे.

ज्या १९३८ साली संग्रहालय उभे राहिले, त्याच साली बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा संकल्प जाहीर केला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेहून शिकून आले होते. पोलंडमधून हिंदुस्थानात आलेले आणि पुढे स्वामी भारतानंद या नावाने ओळखले गेलेले मॉरिस फ्रीडमन हे त्यांचे साहाय्यक होते. महात्मा गांधींचा सल्ला घेण्यात आला आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली राज्यघटना सिद्ध झाली. २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. गावोगावी लोकांनी निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुक्याची सभा, आणि त्यांवर संस्थानची विधिसभा, अशी ती रचना होती. राजाचा खासगी खर्च मर्यादित करण्यात आला. हिंदुस्थानात अजून परकीयांचे राज्य होते, मोठमोठे संस्थानिक आपल्या सलामीच्या तोफा मोजण्यात गढले होते, आणि इकडे ७२ गावांचा धनी स्वेच्छेने आपल्या प्रजेचा सेवक झाला.

त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत स्थापन झाली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांस तेथे बेड्यांवाचून, भिंतींवाचून, शेती करीत व कुटुंबासह राहू देण्यात आले. मनुष्यावर विश्वास टाकला तर तो विश्वासास पात्र होतो, हा त्यामागील सिद्धांत. या प्रयोगावरूनच ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, तो आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी पाहिलेलाच असेल. पुढे बेचाळीसच्या चळवळीत कुंडल हे सातारच्या प्रतिसरकारचे एक केंद्र बनले. संस्थानच्या मातीत जे स्वराज्याचे बी पेरले गेले होते त्याचा हा वेलविस्तार म्हणावयास हरकत नाही.

म्हणजे बाळासाहेबांनी लोकांस चित्रे दिली आणि सत्ता मात्र स्वतःपाशी ठेविली, असे झाले नाही. ज्या हाताने त्यांनी संग्रहालयाचे दार उघडले, त्याच हाताने राज्याचेही दार उघडले. पंचायतीत बसणाऱ्या शेतकऱ्यास चांगले-वाईट ओळखण्याची दृष्टी हवी, आणि दृष्टी तयार होते ती चांगले पाहण्याने. पोटास भाकरी लागते हे खरे. पण भाकरीनंतर मनुष्यास मनुष्य करणारे जे काही लागते, ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच असावे आणि गरिबाने ते पाहूही नये, हा न्याय त्यांस मान्य नव्हता. आमच्या शंकेचे समाधान आमच्यापुरते अशा रीतीने झाले. कोणास ते अपुरे वाटले, तर त्यास आमचा विरोध नाही. दुष्काळी गावच्या माणसास असे विचारण्याचा अधिकार आहेच.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि १९४८ च्या मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थाने गेली तेव्हा कित्येक ठिकाणचे संग्रह पांगले. काही विकले गेले, काही वारसांत वाटले गेले, काही कोठे गेले हे कळलेच नाही. औंधचा संग्रह मात्र जागच्या जागी राहिला, कारण तो मुळात राजवाड्यातला नव्हताच. तो आधीच लोकांचा झाला होता. आज त्याची व्यवस्था महाराष्ट्र शासनाकडे आहे. पंडित सातवळेकर १९४८ साली औंध सोडून गुजरातेत पारडी येथे गेले आणि तेथेच १९६८ साली वयाच्या १०१व्या वर्षी निवर्तले. बाळासाहेब त्याच्या फार आधी, १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षात कैलासवासी झाले. राज्य गेल्याचे दुःख त्यांस झाले असेल काय, असा विचार आमच्या मनात येतो. ज्याने ते नऊ वर्षे आधीच आपण होऊन देऊन टाकले होते, त्याचे दुसरे कोण काय नेणार?

आता लेखणी आवरती घेण्यापूर्वी ज्ञातिबांधवांस व भगिनींस दोन शब्द सांगण्याची परवानगी असावी. बाळासाहेब आपल्या ज्ञातीचे भूषण होते यात संशय नाही, आणि त्याचा अभिमान आपण बाळगावा हेही उचित आहे. परंतु त्यांच्या संग्रहालयात आम्ही एक गोष्ट पाहिली ती या स्मरणिकेत लिहिल्यावाचून राहवत नाही. तेथे केरळच्या राजघराण्याशी नाते असलेल्या रविवर्म्यांच्या कामाबरोबर कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातील बाबूरावांचे काम आहे. पाठारे प्रभू धुरंधर आहेत, कोकणातले पंडितजी आहेत, आणि ज्यांची नावे कोणीही लिहून ठेविली नाहीत असे पहाडी चितारी व हस्तिदंतावर कोरणारे कारागीरही आहेत. चित्राखाली चित्रकाराची जात लिहिलेली नाही. ज्याने हे घर बांधले त्याने ती विचारलीही नव्हती. आपल्या ज्ञातीचा मोठेपणा सांगावयाचा तर तो याहून मोठ्या शब्दांत आम्हांस सांगता येणार नाही.

दुसरी विनंती पालकांस. आपली संस्था दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते. आपल्या मुलामुलींचे परीक्षेतील गुण याच स्मरणिकेच्या मागील पानांवर दरसाल छापले जातात. त्यांत चित्रकला, शिल्प, गायन यांत पारंगत होणाऱ्यांची नावे क्वचित दिसतात. याचा अर्थ आपल्या घरांत तशी मुले जन्मास येत नाहीत असा नव्हे. ती येतात, आणि आमच्यासारखे कोणीतरी त्यांच्या वहीची पाने फाडते. संस्थेने एखादे पारितोषिक अशा मुलांसाठी ठेवावे, आणि वर्षातून एकदा मुलांस औंधला न्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे. सहलीस जाल तेव्हा मूळपीठाचे दर्शन अवश्य घ्यावे, पण वाटेतले चित्रांचे घर पाहण्यास पुरेसा वेळ हाती ठेवावा, आणि एखादे मूल मागे रेंगाळले तर त्यास हाक मारण्याची घाई करू नये.

आमचा तो विद्यार्थी आता प्रौढ गृहस्थ झाला आहे आणि नोकरीत सुखाने आहे. मध्यंतरी तो भेटावयास आला, तेव्हा आम्ही त्याच्यापाशी आपली चूक मोकळेपणाने कबूल केली. त्यास ती गोष्ट आठवत होती, पण त्याने राग धरलेला नव्हता. त्याच्याबरोबर त्याची लहान मुलगी होती. आम्ही बोलत होतो तोवर ती आमच्या ओसरीवर खडूने काहीतरी रेखाटीत बसली होती. निघताना वडील तिची रेघोटी पुसावयास वाकले, आणि आम्ही त्यांचा हात धरला. ती फरशी आम्ही चार दिवस धुऊ दिली नाही.

श्रीमंत बाळासाहेबांच्या पुण्यस्मृतीस आमचे सविनय वंदन असो.